जीव लावणे आणि जीव जाणणे

कासवाला हिवाळाभर पुरेल असा पाला मिळावा म्हणून घरामागे बाग लावावी काय? हा प्रश्न वाचून काही वाचकांच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या भगिनींनी हा प्रश्न मला पत्रातून विचारला आहे त्या थट्टेखोर नाहीत, आणि प्रश्नाच्या मुळाशी जे आहे ते तर मुळीच थट्टेचे नाही.

या भगिनी मूळच्या नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील. गेली तीस वर्षे त्यांचे वास्तव्य इंग्लंडच्या मध्य भागात आहे. त्यांच्या शेजारच्या वृद्ध इंग्रज बाई वृद्धाश्रमात गेल्या, तेव्हा आपले साठीच्या घरातले कासव त्यांच्या स्वाधीन करून गेल्या. पशुवैद्याने कासव तपासले आणि सांगितले की त्याचे वजन फार उतरले आहे, यंदाच्या हिवाळ्यात त्याला झोपू देऊ नका, जागे ठेवून खाऊ घाला. तेव्हापासून परसातल्या ज्या वाफ्यांत मेथी आणि कोथिंबीर होत असे त्यांतील निम्म्या वाफ्यांत त्या तण पेरतात. विकत आणलेल्या बियांपासून तण! त्या लिहितात की १९७२ च्या दुष्काळात त्या दहा वर्षांच्या होत्या आणि सुकडीसाठी शाळेत रांगेत उभ्या राहत. त्या रांगेतल्या मुलीने आज एका कासवासाठी वाफे राखावेत, दिवे लावावेत, हे देवाला रुचेल काय, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तराकडे वळण्यापूर्वी हा प्राणी कोण, कोठला, हे पाहिले पाहिजे. कारण उत्तर पुष्कळसे तेथेच आहे.

हे जमिनीवरचे कासव आहे. त्याच्या मांडीवर काट्यासारखे उंचवटे असतात. त्याची जात उत्तर आफ्रिका, दक्षिण स्पेन आणि तुर्कस्तानपासून थेट पवित्र भूमीच्या टेकड्यांपर्यंत आढळते. (पवित्र शास्त्रात कासवाचा उल्लेख आहे की नाही याविषयी भाषांतरकारांत एकमत नव्हते. लेवीय ११:२९ मधील ‘त्साव’ या इब्री शब्दासाठी १६११ च्या इंग्रजी भाषांतराने कासव योजले. त्याच्या कितीतरी आधीच्या ग्रीक भाषांतराने तेथे जमिनीवरची सुसर, म्हणजे मोठा सरडा, मानला होता, आणि आज बहुतेक विद्वान सरड्याच्याच बाजूचे आहेत. आधुनिक इब्री भाषेत मात्र त्साव म्हणजे कासवच.) इंग्लंडमध्ये कोणतेही कासव आपल्या पायांनी चालत गेलेले नाही. तेथे जे आहे ते माणसाने नेलेले, किंवा नेलेल्यांची संतती.

नेणाऱ्यांत धर्मगुरूही होते. कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम लॉड यांनी १६३३ साली लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यात एक कासव आणल्याचे सांगतात. लॉड यांचा १६४५ मध्ये शिरच्छेद झाला. राजा गेला, प्रजासत्ताक आले, पुन्हा राजा आला. कासव त्याच बागेत चरत राहिले आणि १७५३ साली एका माळ्याच्या निष्काळजीपणामुळे मेले. एका बागेने सुमारे एकशेवीस वर्षे पोसलेला जीव बाग राखणाऱ्याच्याच हातून जावा, हे मनाला लागते. दुसरे कासव गिल्बर्ट व्हाइट या आंग्लिकन पाळकाचे. सेलबोर्न गावाच्या निसर्गाविषयीचे त्यांचे पुस्तक १७८९ साली प्रसिद्ध झाले. कासव आधी ससेक्समधल्या त्यांच्या आत्याकडे होते. आत्या वारल्यावर, १७८० च्या मार्चमध्ये, त्यांनी ते जमिनीतून उकरून घोडागाडीने ऐंशी मैल दूर आपल्या घरी आणले. त्याचे नाव टिमथी. ते नर नसून मादी होते हे पुष्कळ उशिरा, त्याच्या कवचावरून, उमगले. आपल्या पत्रांत व्हाइट यांनी दोन गोष्टी टिपल्या आहेत. मोडल्यावर ज्यांतून दूध निघते अशा वनस्पती, म्हणजे लेट्यूस, डँडेलियन आणि त्यांच्या कुळातले काटेरी पानांचे तण, त्याला सर्वांत प्रिय असत. आणि ज्या वृद्ध बाईंनी त्याला तीस वर्षांहून अधिक काळ खाऊ घातले त्या दिसताच ते लगबगीने त्यांच्याकडे येई. इतरांकडे लक्षही देत नसे. हे पाहून व्हाइट यांना यशया १:३ मधील धन्याला ओळखणाऱ्या बैलाची आठवण झाली.

व्हाइट यांच्या काळी कासव ही क्वचित दिसणारी वस्तू होती. विसाव्या शतकात ते स्वस्त खेळणे झाले. मोरोक्कोसारख्या देशांतून ती लाखोंनी इंग्लंडात आली, बाजारात विकली गेली, आणि त्यांतील बहुसंख्य पहिल्या एकदोन हिवाळ्यांतच मेली. मुलांनी त्यांना टोमॅटो आणि लेट्यूसची पांढरी पाने भरवली; थंडी पडताच वडिलांनी पेंढा घातलेल्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवले; वसंतात खोके उघडले तेव्हा आत रिकामे कवच. युरोपीय समुदायाने या व्यापारावर १९८४ साली बंदी घातली. साठीच्या घरातले जे कासव आज कोणाच्या परसात चरत आहे ते बहुधा त्या लाटेतून वाचलेले आहे. आमच्या भगिनींचेही तसेच असावे.

ही कासवे का मेली हे समजून घेण्याजोगे आहे. या जातीचे कासव हिवाळ्यात झोपते, परंतु ती झोप म्हणजे फुकटचा विसावा नव्हे; उन्हाळाभर अंगात साठवलेल्या शिदोरीवर केलेला तो लांबचा प्रवास आहे. त्यासाठी गारवा सुमारे पाच अंशांच्या आसपास स्थिर लागतो. पारा शून्याखाली गेला तर डोळे आणि मेंदू गोठतात. दहाच्या वर गेला तर शरीर अर्धवट जागे होते आणि खाणे न मिळता शिदोरी जळू लागते. म्हणून हल्ली जाणकार लोक कासवाला चक्क फ्रीजमध्ये झोपवतात आणि मधूनमधून दार उघडून हवा देतात. झोपण्याआधी काही आठवडे खाणे बंद करून पोट रिकामे होऊ द्यावे लागते, नाहीतर ते आतल्या आत कुजते. आणि ज्याच्या अंगात शिदोरीच नाही, जे आजारी आहे, त्याला झोपवणे म्हणजे मारणे. त्याला दिव्याची ऊब आणि अतिनील किरण देऊन जागे ठेवावे लागते, कारण त्या किरणांवाचून त्याच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि चुना हाडांपर्यंत पोहोचत नाही. जे जागे आहे ते खाणारच. आणि नेमके याच वेळी इंग्लंडची जमीन काही देत नाही. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत तेथे दिवस दहा तासांचाही नसतो. पाने असली तरी वाढत नाहीत.

बागेचा प्रश्न येथे येतो. दुकानात भाजी मिळते, मग बाग कशाला? कारण दुकानातली भाजी माणसासाठी वाढवलेली असते: कोवळी, पाणीदार, गोडसर, चोथा कमी असलेली. कासवाचे आतडे रखरखीत डोंगरावरच्या जरठ पाल्यासाठी घडलेले आहे. त्याला चोथा हवा, चुना भरपूर हवा, प्रथिने बेताची हवीत. पालक त्याला रोज चालत नाही, कारण पालकातले आम्ल चुना बांधून ठेवते. कोबीच्या जातीच्या भाज्या अधूनमधूनच. फळे तर त्याच्या पोटात आंबतात आणि जुलाब होतात. फार सकस खाणे आणि कोरडी ऊब यांनी कोवळ्या कासवाच्या पाठीवरचे खवले शंकूसारखे उंच वाढतात. चुना कमी पडला तर कवच मऊ पडते.

म्हणून या भगिनी पेरणीची वही ठेवतात. ऑगस्टच्या मध्यापासून त्या लॅम्ब्ज लेट्यूस नावाची थंडी सोसणारी भाजी पेरतात आणि चिकोरी लावतात. ही चिकोरी म्हणजे जिची मुळी भाजून कॉफीत मिसळतात तीच. डँडेलियन ही त्यांची मुख्य पेर. पिवळ्या फुलाचे, करवतीसारख्या पानांचे हे तण आपल्याकडच्या पाथरीच्याच कुळातले आहे; पानाचा देठ मोडला की तसेच दूध येते, चवही तशीच कडसर. लहानपणी आईबरोबर शेतात खुरपताना पाथरी वेचून भाजी केलेली असल्यामुळे ही ओळख त्यांना लगेच पटली. ऑक्टोबरमध्ये डँडेलियनच्या काही मुळ्या खणून, कुंड्यांत लावून त्या घरात आणतात. मुळीत साठलेल्या बळावर ऐन डिसेंबरात पाने फुटतात. खिडकीच्या कठड्यावर दर पंधरा दिवसांनी एका उथळ ताटात नवे बी टाकले जाते. इसबगोलाच्या जातीचे रुंद पानांचे तण, क्लोव्हर, जून-जुलैत खुडून सावलीत वाळवलेली तुतीची पाने, हे सारे पिशव्यांत भरून ठेवलेले असते. वाळलेला पाला कोमट पाण्यात भिजवून ताज्या पाल्यात मिसळायचा. फड्या निवडुंगाचे एक कांड त्यांनी काचेच्या खोलीत जगवले आहे, त्याचे तुकडे काटे काढून देतात. रस्त्याकडेचे तण मात्र त्या घेत नाहीत, कारण त्यावर गाड्यांचा धूर आणि कुत्र्यांची घाण असते. आपल्या वाफ्यांवर कीटकनाशकाचा थेंबही पडू देत नाहीत.

मला यात एक गंमत दिसते. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात भूमीला शाप मिळाल्यावर ती काटे आणि ‘दर्दर’ म्हणजे काटेरी तण उगवील असे म्हटले आहे. माणसाच्या शेतात जो शाप तोच पाला कासवाच्या ताटातला उत्तम पदार्थ आहे. आणि त्याआधी पहिल्या अध्यायाच्या तिसाव्या वचनात, सरपटणाऱ्या जिवांसहित सर्वांना हिरवा पाला अन्न म्हणून दिला आहे. माणसाला धान्य-फळे दिल्याच्या पाठोपाठ, त्याच श्वासात.

आता मूळ प्रश्न. नीतिसूत्रे १२:१० या वचनाचे भाषांतर करताना बहुतेक भाषांतरकार सोपा मार्ग घेतात: धार्मिक मनुष्य आपल्या जनावराची काळजी घेतो, अशा अर्थाचे काही लिहून पुढे जातात. अर्थ चुकत नाही, पण शब्द हरवतो. मूळ इब्रीत ‘काळजी’ नाही. तेथे ‘यादा’ धातू आहे, म्हणजे जाणणे. आणि धार्मिक मनुष्य जे जाणतो ते म्हणजे जनावराची ‘नेफेश’. या शब्दाचा एक जुना अर्थ घसा असा आहे. त्यातून भूक, ओढ, प्राण. आमच्या मराठीला येथे हेवा वाटावा असा शब्द लाभला आहे: जीव. जीव जातो, जीव कासावीस होतो, जीव एखाद्या पदार्थावर जातो. धार्मिक मनुष्य आपल्या जनावराचा जीव जाणतो. त्याला काय हवे, त्याचा घसा कशासाठी कोरडा पडतो, हे त्याला ठाऊक असते. कोणी म्हणेल, तेथील ‘बेहेमा’ म्हणजे गुरेढोरे, कासव नव्हे. खरे आहे. परंतु वचनाचा भार त्या शब्दाला जोडलेल्या ‘त्याचे’ या प्रत्ययावर आहे. जे आपल्या हाती आहे, आपल्या दावणीला आहे, त्याची ही गोष्ट आहे.

मराठीत आणखी एक वाक्प्रचार आहे: जीव लावणे. पाळीव प्राण्यांविषयी आपण बहुधा हाच वापरतो. जीव लावणे आणि जीव जाणणे यांत अंतर आहे. जीव लावणारा आपल्या भावनेतून निघतो, जीव जाणणारा समोरच्याच्या भुकेतून. कासवापुढे स्ट्रॉबेरी ठेवली तर ते ती हावरटपणे खाते. पाहणाऱ्याचा जीव सुखावतो, मुले टाळ्या पिटतात, आणि दोन दिवसांनी जनावर आजारी पडते. त्या वचनाचा उत्तरार्ध किती कठोर आहे पाहा. दुर्जनांच्या ‘रहामीम’लाच, म्हणजे त्यांच्या कळवळ्यालाच, तेथे क्रूर म्हटले आहे. हा विरोधाभास मला पूर्वी अलंकारिक वाटे. माळ्यावरच्या त्या खोक्यांची हकीकत वाचल्यापासून तो मला अक्षरशः खरा वाटतो. त्या कुटुंबांचे आपल्या कासवांवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? आणि ती दुर्जन होती असेही मी म्हणणार नाही. एवढेच की, न जाणणारा कळवळा क्रौर्याच्या किती जवळ राहतो, हे ज्ञान्याने ओळखले होते.

हाच शब्दप्रयोग निर्गम २३:९ मध्येही आला आहे, आणि ही जोडी फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. परक्यावर जुलूम करू नका, कारण परक्याची नेफेश तुम्ही जाणता. तुम्ही स्वतः मिसर देशात परके होता, असा तेथील आशय आहे. जाणणे तेच, जीव तोच. एके ठिकाणी जनावराचा, दुसरीकडे परक्याचा. आमच्या भगिनींच्या परसातील कासव हे दोन्ही आहे. त्याला त्याच्या डोंगरावरून कोणी तरी उचलले, जेथे डिसेंबरातही ऊन पडते तेथून ओल्या, अंधाऱ्या देशात आणले. आपले अन्न आपण शोधण्याची शक्ती त्याच्याकडून काढून घेतली गेली. आणि तीस वर्षे परदेशात घालवलेल्या स्त्रीला परक्याचा जीव जाणण्यास कोणी शिकवावे लागत नाही. मेथीच्या वाफ्यापुढे उभी राहून मातीची आठवण काढणे म्हणजे काय, हे त्यांना माहीत आहे.

म्हणून माझे उत्तर असे की ही बाग दया नाही. ते ऋण आहे. वचनात दयाळू मनुष्य म्हटलेले नाही, धार्मिक मनुष्य म्हटले आहे. ‘त्सद्दीक’ म्हणजे ज्याचे देणे-घेणे सरळ आहे तो. ज्याची उपजीविका माणसाने हिरावली त्याला माणसाने ती परत देणे हा न्यायाचा भाग आहे. हे कासव या भगिनींनी पकडले नाही, हे खरे. पण ऋण वारशाने येते, हे शेतकऱ्याच्या मुलीला सांगायला नको.

राहिला सुकडीच्या रांगेचा प्रश्न, आणि तो मी हलका मानत नाही. जगात मुले उपाशी असताना कासवासाठी वाफा? १ करिंथ ९:९ मध्ये पौल विचारतो की देवाला बैलांचीच काळजी आहे काय. हे वचन पुढे करून जनावरांचा प्रश्न मिटवून टाकणारे उपदेशक मी ऐकले आहेत. पौल तेथे कामकऱ्याच्या मजुरीविषयी बोलत आहे आणि त्यासाठी अनुवाद २५:४ चा आधार घेत आहे. मळणीच्या बैलाचे तोंड बांधू नये हा नियम मुळात बैलासाठी खरा असेल तरच त्याचा आधार मजुराला मिळतो. मजुराचा हक्क बैलाचा हक्क मोडून उभा राहत नाही. अनुवाद ११:१५ मध्ये आधी गुरांसाठी गवत आणि मग ‘तुम्ही खाल’ असा क्रम आहे. त्यावरून यहूदी शास्त्र्यांनी जनावराला घातल्याशिवाय आपण जेवू नये असा नियम काढला आणि तो ताल्मुदात नोंदला गेला. आणि पवित्र शास्त्रातले सर्वांत लाडके पाळीव जनावर कोणाच्या घरात आहे? नाथानाच्या दृष्टांतातल्या गरिबाच्या. ती मेंढी त्याच्याच घासातले खाते. लुटारू ठरतो तो श्रीमंत मनुष्य. गरिबाने मेंढीला घास दिला म्हणून त्याची मुले उपाशी राहिली, असा हिशेब नाथान करत नाही. उपाशी मुलाच्या तोंडचा घास आमच्या भगिनींच्या डँडेलियनमुळे हिरावला जात नाही. तो कोठे हिरावला जातो ते शोधायला परसाबाहेर पुष्कळ दूर जावे लागेल. दिव्याच्या विजेचे बिल येते, हे खरे. तेवढीच रक्कम त्या आपल्या गावच्या मुलींच्या वसतिगृहाला दरसाल पाठवतात, असे त्यांनी पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिले आहे.

परंतु ऋण फेडण्याची सोय आहे म्हणून नवे ऋण काढावे, असे कोणी समजू नये. उत्तम बाग, उत्तम दिवे आणि उत्तम फ्रीज असले तरी आणखी एक कासव विकत आणण्याचे समर्थन त्यातून होत नाही. हा प्राणी आपल्यामागे उरतो; व्हाइट १७९३ साली वारले, टिमथी त्यांच्यानंतर एका वर्षाने. पन्नाशी-साठीच्या माणसाने कासव आणणे म्हणजे अजून न विचारलेल्या कोणाच्या तरी डोक्यावर पुढल्या हिवाळ्यांचे ओझे ठेवणे आहे.

हे आपल्या देशातल्या वाचकांसाठी मी अधिक आग्रहाने लिहीत आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले आपले तारांकित कासव गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागात आणि खाली आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूत, तसेच श्रीलंकेत राहते. कासव घरात असले की भाग्य उजळते या समजुतीने कित्येक घरांत ते पाण्याच्या बादलीत किंवा काचेच्या टाकीत ठेवलेले असते, जे जमिनीवरच्या कासवाला मुळीच सोसत नाही. पुढे ठेवतात भात, पाव, काकडी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणे हा गुन्हा आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही जवळजवळ पूर्ण बंदी आहे, तरी विमानतळांवर सामानात लपवलेली पिल्ले सापडतातच. ही जात शीतनिद्रा घेत नाही. म्हणजे जी पिल्ले थंड देशांत पोहोचतात त्यांना तेथल्या प्रत्येक हिवाळ्यात जागे राहून खावे लागते.

ज्यांच्या घरी असे कासव आहे त्यांनी ते वनविभागाच्या स्वाधीन करावे. जवळच्या माळावर नेऊन सोडणे हा उपाय दिसतो सोपा, पण तो नवा अन्याय ठरू शकतो: वायव्येकडील आणि दक्षिणेकडील कासवांचे वंश वेगळे आहेत, आणि घरात राहिलेले जनावर रोगही घेऊन जाते. जप्त केलेल्या कासवांचा मूळ प्रदेश कोणता, हे अनेकदा सांगता येत नाही. अशी कासवे मग बचाव केंद्रांत राहतात, आणि कोणाला तरी रोज सकाळी त्यांच्यासाठी पाला कापून आणावा लागतो.